औषधाची किंमत कोण ठरवते, सरकार औषध कसे विकत घेते: गोव्यातून येणारे नेहमीचे प्रश्न

सरकारी औषध स्टोअरमध्ये फार्मासिस्ट म्हणून नोकरीची सगळी वर्षे काढून मी निवृत्त झालो. तेव्हापासून फोंडा, डिचोली, सत्तरीकडची ओळखीची माणसे बिले, पट्ट्यांचे फोटो आणि प्रश्न पाठवत असतात. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरे एका जागी लिहून ठेवली आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. कुठले औषध घ्यायचे आणि किती, हे तुमचे डॉक्टर सांगतील. इथे फक्त पैशांचे आणि पुरवठ्याचे बोलू.

१. पट्टीवर एमआरपी छापलेली असते. ती सरकारच ठरवते ना?

सगळ्या औषधांची नाही. जीवनावश्यक वस्तू कायदा १९५५ खाली केंद्र सरकारने औषध किंमत नियंत्रण आदेश २०१३ काढला आहे. तो राबवणारी संस्था म्हणजे राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरण, एनपीपीए. ही संस्था १९९७ मध्ये स्थापन झाली. राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीतल्या औषधांना एनपीपीए कमाल किंमत लावते. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या यादीत ३८४ औषधे आहेत. बाजारातली बाकीची हजारो उत्पादने या यादीबाहेरची. त्यांची किंमत कंपनी स्वतः ठरवते, फक्त बारा महिन्यांत ती १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. पहिल्या दिवशी किती ठेवायची यावर मात्र बंधन नाही, आणि खरी मेख तिथेच आहे.

गोवा सरकार किंमत ठरवत नाही. बांबोळीचे अन्न व औषध प्रशासन, म्हणजे आपले एफडीए, राज्यात अंमलबजावणी बघते.

२. कमाल किंमत काढतात कशी? कारखान्यातला खर्च बघतात का?

पूर्वी बघत. १९९५ च्या आदेशात ७४ मूळ औषधद्रव्ये होती आणि त्यांचा उत्पादनखर्च धरून किंमत ठरे. २०१३ पासून खर्च बाजूला ठेवला गेला आणि बाजारातली सरासरी आली. ज्या ब्रँडचा बाजारातला वाटा एक टक्का किंवा जास्त आहे, त्यांची दुकानदाराला पडणारी किंमत घेतात, साधी सरासरी काढतात आणि त्यात दुकानदाराचे १६ टक्के मिळवतात.

समजा तीन ब्रँड दुकानदाराला १०, १४ आणि १८ रुपयांना पडतात. सरासरी १४. त्यात १६ टक्के मिळवले की १६ रुपये २४ पैसे. ही कमाल किंमत, आणि वर जीएसटी. आता बघा, १८ वाल्याला खाली यावे लागले, १० वाल्याने आपली आधीची किंमतच ठेवायची, पण कमाल किंमत मात्र वरच राहिली, कारण सरासरीतच महागडे ब्रँड मिसळलेले आहेत. माझे स्पष्ट मत आहे की खर्चाची पद्धत सोडताना गरीब रुग्णाचे नुकसान झाले. जुन्या पद्धतीत कंपन्या खर्चाचे आकडे फुगवत, हेही खरे, पण त्यावर इलाज हिशेब नीट तपासण्याचा होता.

३. माझे औषध यादीत आहे की नाही, ते कसे ओळखायचे?

ब्रँडचे नाव सोडा, त्याखालचे बारीक अक्षरातले मूळ नाव आणि मात्रा वाचा. कमाल किंमत ‘मेटफॉर्मिन’ या नावाला लागत नाही, ‘मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅमची गोळी’ अशी लागते. एनपीपीएचे ‘फार्मा सही दाम’ हे ॲप मोबाईलवर मिळते, त्यात नाव टाकून बघता येते. दोन औषधे एकत्र केलेल्या गोळ्यांबद्दल प्रश्न १३ पाहा.

४. दर एप्रिलला ‘औषधे महागणार’ अशी बातमी येते. ती खरी असते?

अर्धी. यादीतल्या औषधांची कमाल किंमत घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे १ एप्रिलला बदलते. २०२३ मध्ये ती मुभा १२.१२ टक्के होती. २०२४ मध्ये ०.००५५१ टक्के, म्हणजे शून्यच म्हणा. २०२५ मध्ये १.७४ टक्के. कंपनीने वाढवलीच पाहिजे असे नाही, पण मिळालेली मुभा सहसा कुणी सोडत नाही. निर्देशांक खाली आला तर किंमत उतरवणे मात्र बंधनकारक आहे.

५. फार्मसीत शंभरला मिळणारी पट्टी सरकारला दहा-वीस रुपयांत कशी मिळते?

कारण त्या शंभरात गोळीचा वाटा थोडा असतो. जाहिरात, कंपनीच्या प्रतिनिधींचे पगार आणि प्रवास, स्टॉकिस्टचा म्हणजे घाऊक व्यापाऱ्याचा वाटा, दुकानदाराचा वाटा, हे सगळे रुग्ण भरतो. सरकार वर्षाचा माल एकदम, मूळ नावाने आणि टेंडर काढून घेते. मग कंपनीला फक्त बनवायचे आणि पोचवायचे.

टेंडरला दोन पाकिटे असतात. पहिल्या तांत्रिक पाकिटात परवाना, चांगल्या उत्पादन पद्धतीचे प्रमाणपत्र, उलाढाल आणि आधीच्या पुरवठ्याचे दाखले असतात. त्यात पास झालेल्यांचेच दुसरे, दराचे पाकीट उघडतात. सर्वांत कमी दर असलेला तो एल-वन. त्याच्याशी दरकरार होतो, आणि करार असेपर्यंत त्याच दराने माल मागवता येतो. गोव्यात बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय (गोमेकॉ) आपली खरेदी स्वतः बघते. आरोग्य संचालनालय जिल्हा हॉस्पिटले आणि आरोग्य केंद्रांची बघते.

६. सरकारी हॉस्पिटलात ‘स्टॉकमध्ये नाही, बाहेरून आणा’ असे का सांगतात?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, आणि मला सर्वांत जास्त लागणाराही हाच. लोकांना वाटते कुणीतरी माल खाल्ला. चोरी कधी होतच नाही असे मी म्हणणार नाही, पण मी स्वतः बघितलेली कारणे बहुतेक वेळा कागदांतली होती.

पहिले कारण मागणीच्या आकड्याचे. पुढच्या वर्षी किती लागेल, हे गेल्या वर्षीच्या खपावरून ठरते. समजा एखादी रक्तदाबाची गोळी गेल्या वर्षी चार महिने स्टोअरमध्ये नव्हतीच. त्या चार महिन्यांचा खप कागदावर शून्य. मग वर्षाचा खप कमी दिसतो, मागणी कमी जाते, आणि पुढच्या वर्षी गोळी आणखी लवकर संपते. मी होतो त्या एका स्टोअरमध्ये हे चक्र ओळीने तीन वर्षे चालले. शेवटी आम्ही ‘नाही’ म्हणून परत पाठवलेल्या प्रत्येक चिठ्ठीची नोंद वेगळ्या वहीत ठेवायला लागलो. खरी गरज त्या वहीतून कळली. ही वही प्रत्येक फार्मसीच्या खिडकीवर असायला हवी, असे मला आजही वाटते.

दुसरे कारण पैसे उशिरा मिळण्याचे. पुरवठादाराचे बिल सहा-आठ महिने अडकले की तो पुढच्या ऑर्डरचा माल रोखतो, किंवा पुढच्या टेंडरात उशिराचे व्याज दरात धरून ठेवतो. उशिरा पुरवठा केला तर त्याला दंड असतो, पण सरकारने उशिरा पैसे दिले तर सरकारला कोण दंड करणार?

तिसरे कारण, दर इतका खाली टाकलेला असतो की कच्चा माल जरा महागला की पुरवठादाराला परवडत नाही. तो अनामत सोडतो, पण माल देत नाही. मग हॉस्पिटलला ‘लोकल परचेस’ करावे लागते, म्हणजे जवळच्या फार्मसीतून एमआरपीवर थोडी सूट घेऊन. टेंडरात वाचवलेले पैसे इथे दुपटीने जातात.

तामिळनाडूने यावर उपाय केला. १९९४ मध्ये तिथे औषध खरेदीसाठी स्वतंत्र सरकारी महामंडळ निघाले. जिल्ह्याजिल्ह्यात गोदामे झाली, प्रत्येक हॉस्पिटलला पासबुक मिळाले. आपल्या वाट्याच्या रकमेत हवे ते औषध गोदामातून उचलायचे. कुठल्या गोदामात किती माल आहे, ते संगणकावर दिसते. केरळ आणि राजस्थानने पुढे तोच रस्ता धरला. गोवा तर एवढासा. पेडण्याहून काणकोणला गाडी दिवसात जाऊन येते. इथे ते जास्त सोपे आहे.

तुम्ही काय करायचे? औषध नाही म्हटले तर चिठ्ठीवर ‘उपलब्ध नाही’ असे तारखेसह लिहून मागा आणि तिचा फोटो ठेवा. तक्रार करताना तोच पुरावा.

७. सरकारी गोळी हलकी असते असे सगळे म्हणतात. खरे आहे का?

स्वस्त म्हणून हलकी, हे खरे नाही. प्रश्न ५ मध्ये सांगितले तसे, किंमत घटते ती मधले वाटे गेल्यामुळे. कितीदा तर एकाच कारखान्यातून ब्रँडवाली पट्टी आणि सरकारी पुरवठ्याची पट्टी दोन्ही निघतात. वेर्णा, कुंडई भागात औषध कारखान्यात कामाला असलेले नातेवाईक तुमचेही असतील, त्यांना विचारा.

तरीही डोळे मिटून विश्वास ठेवा असे मी म्हणत नाही. एखादी बॅच वाईट निघू शकते, सरकारीही आणि ब्रँडेडही. केंद्रीय औषध नियंत्रण संघटना दर महिन्याला प्रमाणित दर्जाच्या नसलेल्या बॅचची यादी काढते, त्यात नावाजलेले ब्रँडही सापडतात. सरकारी खरेदीत खरा उपाय एकच: प्रत्येक बॅच हॉस्पिटलात वाटण्याआधी प्रयोगशाळेत तपासणे. जिथे तपासणी होते तिथे पुरवठादारही सांभाळून माल पाठवतो.

साठवणूक हा गोव्यातला वेगळा विषय. जून-जुलैत भिंतीला टेकवलेले खोके खालून ओले होतात. गोळीचा रंग बदललेला दिसला, ती फुटलेली वा चिकट झालेली असली तर खाऊ नका. पट्टी बॅच नंबरासकट फार्मासिस्टला दाखवा.

८. जनऔषधी केंद्र हे सरकारी हॉस्पिटलच्या फार्मसीसारखेच का?

नाही. हॉस्पिटलच्या खिडकीवर औषध फुकट मिळते, जनऔषधीत विकत घ्यावे लागते. योजना २००८ ची. केंद्र सरकारची एक संस्था टेंडर काढून माल घेते, बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासते आणि देशभर एकाच किमतीला पाठवते. ब्रँडच्या तुलनेत किंमत निम्म्याने किंवा त्याहून खाली असते. अडचण तीच जुनी: यादीत दोन हजारांहून जास्त उत्पादने, पण तुमच्या केंद्रात तुमची गोळी आज आहेच असे नाही. रोजची गोळी असेल तर शेवटच्या पाच गोळ्या राहिल्या की जा, शेवटची संपल्यावर नको.

९. फार्मसीत ‘जेनेरिक’ मागितले तर पट्टीवर एमआरपी ब्रँडएवढीच. मग स्वस्त कुठे?

ही ‘ट्रेड जेनेरिक’. प्रतिनिधी डॉक्टरकडे जात नाही, माल थेट दुकानात येतो. दुकानदाराला पट्टी वीस रुपयांना पडते, छापील किंमत शंभर. तो तुम्हाला सत्तरला देतो, तुम्ही तीस वाचले म्हणून खूश होता, आणि पन्नास त्याच्या गल्ल्यात. यात बहुतेक वेळा कायदा मोडत नाही, कारण यादीबाहेरच्या औषधाला पहिल्या किमतीचे बंधन नाही (प्रश्न १). मला ही सरळ लूट वाटते. घेण्याआधी जनऔषधीच्या यादीतला त्याच औषधाचा दर बघा आणि तो दाखवून घासाघीस करा.

१०. डॉक्टरांनी ब्रँड लिहिला. फार्मासिस्ट स्वतःहून स्वस्त ब्रँड देऊ शकतो का?

चिठ्ठीवरच विकायच्या औषधांत नाही. औषध नियमांतला नियम ६५ सांगतो की लिहिलेल्या औषधाच्या जागी दुसरे उत्पादन देता येत नाही, मग घटक तोच असला तरी. त्यामुळे फार्मासिस्टवर चिडून उपयोग नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांना मूळ नावाने लिहिणे सक्तीचे करणारे नियम आणले आणि त्याच महिन्यात स्थगित केले. म्हणून डॉक्टरांनाच सांगा, ‘डॉक्टर, मूळ नावानेच लिहा.’ बहुतेक जण लिहून देतात.

११. दीनदयाळ कार्डावर रोजच्या गोळ्या मिळतात का?

नाही. गोवा सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ मध्ये सुरू झाली ती योजनेच्या यादीतल्या उपचारांसाठी आणि शस्त्रक्रियांसाठी. तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत. त्या उपचारासाठी दाखल असताना लागणारी औषधे पॅकेजमध्ये येतात. डिस्चार्ज मिळाल्यावर महिनोन्‌महिने चालणारी गोळी तुम्हाला आरोग्य केंद्रातून घ्यावी लागते. कार्ड असूनही हॉस्पिटलने दाखल रुग्णाकडून औषधाचे वेगळे पैसे घेतले, तर ते पॅकेजमध्ये का नाही, हे लेखी विचारा.

१२. आम्ही दोडामार्गचे. गोमेकॉत औषध फुकट मिळेल का?

जानेवारी २०१८ पासून गोमेकॉत गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झाले. बांदा, सावंतवाडी, दोडामार्गच्या लोकांना ते फार लागले, कारण त्यांच्यासाठी मोठे हॉस्पिटल म्हणजे बांबोळीच. शुल्क किती आणि कशाला, हे काउंटरवर आधी विचारा. कमाल किमती मात्र साऱ्या देशाच्या आहेत, पत्रादेवीची सीमा ओलांडली म्हणून औषधाची कमाल किंमत बदलत नाही.

१३. माझी डायबेटीसची गोळी यादीत नाही म्हणतात. एवढे रुग्ण असून का नाही?

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ च्या देशव्यापी अभ्यासात मधुमेहाचे प्रमाण गोव्यात सर्वांत जास्त आढळले, २६.४ टक्के. म्हणून हा प्रश्न इथे घरोघरचा. साधे मेटफॉर्मिन आणि इन्सुलिन यादीत आहेत. २०२२ मध्ये इन्सुलिन ग्लार्जिन आणि टेनेलिग्लिप्टिनही आले. पण तुमची गोळी बहुधा दोन-तीन औषधांची मिळून बनलेली असेल, आणि अशी मिश्रणे बहुतेक यादीत नसतात. यादीतल्या औषधाचे नवे मिश्रण आणायचे तर कंपनीला एनपीपीएकडून किरकोळ किंमत मंजूर करून घ्यावी लागते. ती त्या कंपनीपुरती. म्हणून एकाच मिश्रणाच्या तीन ब्रँडना तीन किमती दिसतात. डॉक्टरांना विचारा, दोन सुट्या गोळ्या चालतील का? अनेकदा खर्च बराच उतरतो.

नवे औषध पेटंटखाली असेल तर आणखी वेगळे. त्याला विक्री सुरू झाल्यापासून पाच वर्षे नियंत्रणातून सूट मिळते. तिथे किंमत उतरते ती पेटंट संपल्यावर. मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचे संपले आणि साठ रुपयांच्या आसपासची गोळी काही कंपन्यांनी दहा-पंधरा रुपयांच्या आत आणली. गोळी तीच. पेटंट असतानाही सरकारच्या हाती सक्तीचा परवाना हे हत्यार आहे, म्हणजे पेटंटवाल्याची संमती नसतानाही दुसऱ्या कंपनीला ते औषध बनवू देणे. ते एकदाच, २०१२ मध्ये, एका कॅन्सरच्या औषधासाठी वापरले गेले. महिन्याचा २ लाख ८० हजारांचा खर्च ८,८०० वर आला. त्यानंतर ते पुन्हा उचलले गेले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

१४. प्रायव्हेट हॉस्पिटल त्यांच्याच फार्मसीतून घ्यायला लावते. चालते का?

एमआरपीच्या वर घेतले नाही, तर किंमत आदेशाखाली गुन्हा होत नाही. दुखणे हेच आहे. हॉस्पिटल माल ठोक घेते, कंपनी हॉस्पिटलसाठी फुगवलेली एमआरपी छापते, आणि पलंगावरचा रुग्ण घासाघीस करू शकत नाही. २०१८ मध्ये एनपीपीएने दिल्ली परिसरातल्या चार खासगी हॉस्पिटलांची बिले तपासली, तेव्हा काही वस्तूंवर १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा निघाला. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे हा विषय आला, आणि न्यायालयाने धोरण ठरवण्याचे काम राज्यांवर सोपवले. म्हणजे आता गोवा सरकारकडे मागायचे आहे, आणि आपण मागितले पाहिजे.

स्टेंटचे उदाहरण बघा. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधवाल्या स्टेंटला (हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या जाळीला) २९,६०० रुपयांची मर्यादा लागली. त्याआधी एका स्टेंटचे लाखाच्या वर बिल सर्रास होई. मर्यादा लागली म्हणून कुणाचे हृदय थांबले नाही.

१५. पट्टीवर जास्त छापले आहे, पण ॲपवर कमी दिसते. द्यायचे किती?

दोन्हींतले कमी असेल तेवढे. किंमत उतरल्याची अधिसूचना निघाल्यावर बाजारातल्या जुन्या मालाची किंमत ४५ दिवसांत खाली आणणे कंपनीवर बंधनकारक आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि ३३ जीवरक्षक औषधांवरचा शून्य झाला. त्या वेळी जुन्या पट्ट्यांवर नवे लेबल लावणे सक्तीचे केले नाही, पण सुधारित दरयादी दुकानात असणे आणि त्या दराने विकणे बंधनकारक आहे. ‘आमच्या पट्टीवर हेच छापलंय’ हे उत्तर चालत नाही. दरयादी मागा.

१६. चार गोळ्या हव्या असतात, पण पूर्ण पट्टीच घ्यायला लावतात. तक्रार कुठे?

सुट्या गोळ्या दिल्या तर दर पट्टीच्या हिशेबानेच लावावा लागतो, आणि दुकानात असलेले औषध गिऱ्हाइकाला नाकारता येत नाही. कापलेल्या तुकड्यावर मुदत आणि बॅच राहील असा तुकडा मागा. बिल घ्या, बिलाशिवाय तक्रार उभी राहत नाही. मग बांबोळीच्या एफडीएकडे लेखी द्या, किंवा एनपीपीएच्या ‘फार्मा जनसमाधान’वर ऑनलाइन. जादा घेतलेली रक्कम कंपनीकडून व्याजासह वसूल होते, पण ती सरकारजमा होते, तुमच्या खिशात परत येत नाही. तरी करा. पुढच्या माणसाला योग्य दरात मिळेल.

१७. किमती दाबल्या की कंपन्या औषध बनवणेच बंद करतात, असे ऐकतो. मग नियंत्रण हवेच कशाला?

भीती खोटी नाही. जुनी, स्वस्त, थोड्या रुग्णांना लागणारी औषधे खरोखरच बाजारातून हळूहळू दिसेनाशी होतात. कायद्यात त्यासाठी दोन तरतुदी आहेत. यादीतले औषध बंद करायचे असेल तर कंपनीला सहा महिने आधी जाहीर करावे लागते, आणि एनपीपीए एक वर्षापर्यंत उत्पादन चालू ठेवायला सांगू शकते. दुसरी तरतूद म्हणजे २०१३ च्या आदेशातला परिच्छेद १९: लोकहितासाठी कमाल किंमत वाढवता किंवा उतरवता येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिच्याखाली आठ औषधांच्या किमती ५० टक्क्यांनी वाढवल्या. त्यांत मानसिक आजारावरची लिथियमची ३०० मिलिग्रॅमची गोळी, ॲट्रोपिनचे इंजेक्शन, बेन्झिल पेनिसिलिन, क्षयाचे स्ट्रेप्टोमायसिन होते.

तेव्हा मला चिडून मेसेज आले की सरकारने गरिबांची औषधे महाग केली. मी त्या वाढीच्या बाजूने होतो. लिथियमवर असलेल्या माणसाची गोळी पंधरा दिवस चुकली तर त्याचे घर पुन्हा त्याच अंधारात जाते, आणि तिला सहज पर्याय नाही. गोळीमागे थोडे पैसे वाढले आणि ती बांबोळीच्या खिडकीवर मिळत राहिली, तर मला ते मान्य आहे. फक्त ती वाढ घेणाऱ्या कंपनीने पुढच्या वर्षी खरेच किती गोळ्या बनवल्या, तो आकडा दर तीन महिन्यांनी जाहीर व्हावा, ही माझी मागणी आहे. तुमच्या घरी यांपैकी एखादे औषध चालू असेल आणि ते मिळत नसेल, तर औषधाचे नाव, मात्रा, किती फार्मसी फिरलात आणि कुठल्या तारखांना, एवढे लिहून एनपीपीएला पाठवा. तुटवडा आहे हे त्यांना अशा पत्रांतूनच कळते.